पट्टा कोणी सोडला?

विमा कंपनीच्या त्या ऑफिसात टोपणकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. पंचवीस वर्षं ते एकच काम करत आले होते. मोटारसायकलच्या अपघातातली हेल्मेटं तपासायची आणि अपघाताच्या वेळी हेल्मेट डोक्यावर होतं की नव्हतं, हे कंपनीला लेखी कळवायचं. हेल्मेटाला ते लाडाने टोपण म्हणत. टोपण हेच मग त्यांचं टोपणनाव झालं, आणि हा विनोद दर नव्या कारकुनाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटे. काका दर वेळी नव्याने हसत.

काम मात्र हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. धडक दुसऱ्याची असली आणि डोक्याला मार बसला असला, तरी जखमी माणसाने हेल्मेट घातलं नसेल तर कंपनी म्हणायची, थोडी चूक तुमचीही. मग भरपाईला कात्री लागायची, कधी तीस टक्के, कधी चाळीस. हेल्मेट घातलं होतं पण हनुवटीखालचा पट्टा लावला नव्हता, तरी तेच. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच दणक्याला उडून जातं, म्हणजे ते घातलं काय आणि घरी ठेवलं काय, सारखंच.

छापील फॉर्मवर चौदा रकाने होते. काका ते इमानेइतबारे भरत, पण त्याआधी एक गोष्ट करत जी कुठल्याच नियमावलीत नव्हती. दार लोटून घेत, ते हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवत, पट्टा टक्क करून लावत आणि डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे मोजत. आतला थर्माकोल कुठे दबलाय, कवच कुठे पिचलंय, हे बोटांआधी टाळूला कळतं, असं त्यांचं म्हणणं. टाळूही तशीच होती बिचारी, केसाचा अडथळा म्हणून नाही.

"काका, उवा झाल्या तर भरपाई मिळते का हो?" कारकून विचारायचे.

"मिळते ना. हेल्मेट घातलेलं होतं, कपातही नाही," काका म्हणायचे आणि शीळ घालत जिना उतरायचे.

तर अशा या आनंदी माणसाच्या हातून एक चूक झाली. एका सलूनवाल्याचं प्रकरण होतं. शहराबाहेरच्या वळणावर एका टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. जीव वाचला, पण उजव्या कानाच्या आत असा मार बसला की उभं राहिलं की डोकं गरगरायचं. दोन मिनिटं खुर्चीमागे उभा राहू न शकणारा सलूनवाला काय करणार? ऑपरेशन केलं तर तोल परत येईल, असं डॉक्टर म्हणत होते. ऑपरेशनचा खर्च भरपाईतून निघणार होता, पण पुरी मिळाली तरच. चाळीस टक्के कापले तर नाही.

त्याचं हेल्मेट काकांकडे आलं तेव्हा काकांना सणसणीत सर्दी झाली होती. पुराव्यात शिंकणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हेल्मेट न घालताच फॉर्म भरला. हिशोब सरळ वाटला. वळणावरच्या पंक्चरवाल्याने जबाब दिला होता की तो धावत गेला तेव्हा जखमी माणूस एकटाच पडलेला होता आणि हेल्मेट दहा पावलांवर गवतात होतं. आपण हेल्मेटाला हात लावला नाही आणि दुसरं कोणी तिथे नव्हतंच, हेही त्याने शपथेवर सांगितलं. पट्टा फाटलेला नव्हता. पट्ट्याचं कुलूप तुटलेलं नव्हतं. लावलेला पट्टा न फाटता, न तुटता आपोआप सुटत नाही. काकांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पट्टा लावलेला नव्हता', सही ठोकली, नाक पुसलं आणि घरी जाऊन वाफ घेतली.

आठवडाभराने सलूनवाल्याची बायको ऑफिसात आली. काउंटरवरच्या मुलीने तिला थांबवायचा प्रयत्न केला, पण वहिनींच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तो बंद करणारं कुलूप अजून कोणी बनवलेलं नव्हतं. नवऱ्याच्या आजारपणात दुकान त्याच चालवत होत्या. गिऱ्हाइकं आधी घाबरत आली, मग सवयीने आली आणि आता तर गप्पांसाठी येत होती.

"टोपणकाका म्हणजे तुम्हीच ना?" त्या खुर्ची ओढून बसल्या. "भाऊ, तुम्ही लिहिलंय ते खोटं आहे."

"वहिनी, मी पुराव्यावरून लिहितो."

"मग हा पुरावा घ्या. बारा वर्षं झाली आमच्या लग्नाला. हे गाडीवर बसले की मी दारात उभी राहते. पट्ट्याचा टक्क असा आवाज आला की मी आत जाते. आवाज आला नाही तर मी आत जात नाही आणि ते गाडी सुरू करत नाहीत. भांडण झालेलं असलं तरी. भांडण झालेलं असलं की जरा जोरात टक्क करतात, एवढंच."

काकांना हसू आलं. वहिनीही हसल्या. मग हसता हसताच त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"त्या दिवशी मी टक्क ऐकलं होतं, भाऊ. मी आत गेले होते."

बायकोचा शब्द कोर्टात फारसा धरत नाहीत, हे काकांना ठाऊक होतं. पण त्या गेल्यावर त्यांचं कशातच लक्ष लागेना. सर्दी केव्हाच बरी झाली होती आणि एक काम राहून गेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा ते स्टोअरची किल्ली मागायला गेले.

स्टोअर तळघरात होतं. तिथे भिंतीभर खुंट्या होत्या आणि दर खुंटीवर एकेक हेल्मेट, पट्टा लावून अडकवलेलं, खाली नंबराची चिठ्ठी. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे दादा म्हणत. दादा कशालाच घाबरत नसे, फक्त जिने चढायला घाबरे.

"कितवा नंबर?" दादाने विचारलं, आणि काकांनी सांगितल्यावर चावता चावता थांबला. "ते होय. त्याचं काहीतरी करा काका. खुंटीवर राहत नाही ते."

"पडतं?"

"पडलं असतं तर बरं होतं. पडलं तर आवाज होईल, ओरखडा येईल. रोज सकाळी बघतो तर जमिनीवर ठेवलेलं असतं. ठेवलेलं. आणि पट्टा सोडलेला. मी रोज लावतो, रोज सुटलेला असतो. उंदीर म्हणावं तर उंदराला बटण दाबता येतं का?"

"तुझ्यासारखा आळशी नसेल तर येत असेल," काका म्हणाले. दादा हसला, पण काकांबरोबर आत काही आला नाही.

बाहेर भर दुपार होती. तळघरात मात्र एका पिवळ्या बल्बपुरताच उजेड होता, आणि वरच्या मजल्यावरचे डब्यांचे आवाज, हसणं, खुर्च्या सरकवणं, सगळं खूप लांबून आल्यासारखं वाटत होतं. सलूनवाल्याचं हेल्मेट खालीच होतं, तोंड दाराकडे करून. काकांनी ते उचललं, स्टुलावर बसले, डोक्यावर चढवलं. उजवीकडचा थर्माकोल चेपलेला होता, कानाच्या बरोबर वर. त्यांनी पट्टा लावला. टक्क. डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली.

दहापर्यंत काही नाही. स्वतःचाच श्वास कानात घुमत होता. वीसच्या पुढे त्यांना वास आला. तुडवलेल्या ओल्या गवताचा वास. तळघरात गवताची काडीसुद्धा नव्हती. काकांना वाटलं, अस्तरात अडकलं असेल काहीतरी. तीस... एकतीस... बल्ब मधेच बारीक झाला असावा, कारण मिटल्या डोळ्यांपुढचा तांबूस रंग काळा झाला. आता वरचे आवाजही ऐकू येईनासे झाले. सुट्टी संपली असेल, काकांनी स्वतःला समजावलं. चाळीस... एक्केचाळीस...

आणि श्वास अडकला. कोणी दाबला नाही, काही झालं नाही, नुसता आत जायचा थांबला, जसा पाठीवर आपटल्यावर थांबतो.

त्याच क्षणी हनुवटीखाली बोटं आली.

थंड होती. घाईत नव्हती. आजारी लेकराच्या गळ्याला ताप आहे का बघावा तशी ती आधी गळ्यावर टेकली, मग पट्ट्यावरून सरकत कुलपापाशी आली. काकांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. ते त्यांना तिथे जाणवत होते, दहाच्या दहा बोटं. अंगठ्याने बटण दाबलं. टक्क.

"हं... झालं," अगदी कानाशी एक बायकी आवाज म्हणाला. त्यात हसू होतं. "घे आता श्वास."

काकांनी श्वास घेतला तो इतका मोठा की दादा बाहेरून धावत आला. काका स्टुलावर बसलेले, हेल्मेट डोक्यावर, पट्टा दोन्हीकडे लोंबत असलेला.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"नाही... दादा, तू आत आला होतास?"

"तुमची धाप ऐकून आत्ता आलो. का?"

काकांनी लोंबता पट्टा चाचपून पाहिला. त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण त्या भीतीच्या खाली, सांगायला संकोच वाटेल असं काहीतरी होतं. खूप बरं वाटत होतं. लहानपणी तापातून उठल्यावर वाटायचं तसं.

मग पंचवीस वर्षांची सवय जागी झाली. पट्टा जर कोणी हाताने सोडला असेल तर? हा प्रश्न फॉर्मच्या चौदा रकान्यांत कुठेच नव्हता, म्हणून त्यांना पडलाच नव्हता. त्यांनी हेल्मेट उतरवलं, बल्बखाली धरलं आणि भिंग काढलं.

सलूनवाल्याच्या नाकातून रक्त आलं होतं. ते हनुवटीवरून ओघळून पट्ट्यावर वाळलं होतं, कुलपाच्या पाठीवरही तपकिरी डाग होते. पण पट्ट्याची जी दातेरी जीभ कुलपात शिरते ती कोरी होती. स्वच्छ. आणि जिथे कुलपाची कड येते तिथे डाग सुरीने कापावा तसा सरळ थांबला होता. याचा अर्थ एकच होता. रक्त वाहिलं तेव्हा जीभ कुलपाच्या आत होती. रक्त ओघळल्यानंतर मग पट्टा सोडला गेला, हलक्या हाताने, बटण दाबून.

"दादा," काका म्हणाले, "मी गाढव आहे."

"ते मी नोंदवहीत लिहू का?" दादाने विचारलं.

काका तिथल्या तिथे हसत सुटले. हसत हसत जिना चढले आणि त्याच दुपारी आपलाच अहवाल चुकीचा असल्याचं पत्र टाइप करून मोकळे झाले. बोटांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

कंपनीच्या वकिलांचं डोकं फिरलं. माणूस तसा गमत्या, पार्टीत नकला करणारा. पण त्या दिवशी त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"काका, तुम्ही आपले साक्षीदार आहात. तुमचा अहवाल सिद्ध करायला तुम्हाला उभं करतोय आणि तुम्हीच तो खोडणार?"

"चूक झाली साहेब. सर्दी होती."

"सर्दी होती, हे मी न्यायाधीशांना सांगू?"

"मीच सांगेन," काका म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलंही. सुनावणी मंगळवारी होती. सलूनवाला भिंतीला टेकून बाकावर बसलेला, शेजारी वहिनी. आज तोंड उघडलंत तर बाहेर काढतील, अशी ताकीद मिळाल्यामुळे त्यांनी तोंडावर पदराची घडी दाबून धरली होती. न्यायाधीश डोळे अर्धे मिटून ऐकणारे होते. खालच्या टेबलाशी टायपिस्ट मावशी बसलेल्या, चाळीस वर्षांची नोकरी, मान कायम खाली. साक्षीदाराच्या तोंडाकडे बघितलं की हात चुकतो, असा त्यांचा अनुभव होता. कानावर पडेल ते कागदावर, आणि जबाब संपला की खाली तारीख आणि वेळ.

काकांनी सर्दीपासून सुरुवात केली. बाकांवर खसखस पिकली. मग त्यांनी हेल्मेट दाखवलं, डाग दाखवला, कोरी जीभ दाखवली. न्यायाधीशांनी चक्क डोळे पूर्ण उघडले. भिंग मागून घेतलं.

वकील उठले. त्यांच्या हातात एकच पत्ता उरला होता, पण तो भारी होता.

"पट्टा लावलेला होता, असं क्षणभर धरू. पंक्चरवाला म्हणतो तिथे दुसरं कोणीही नव्हतं. जखमी माणूस बेशुद्ध. मग पट्टा कोणी सोडला?"

काकांना गवताचा वास आला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांच्या उजव्या बाजूला जेमतेम हातभर जागा होती, आणि तिथे कोणीतरी उभं होतं. त्यांनी मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही.

"ते... मला सांगता येणार नाही," ते पुटपुटले.

"तुम्ही स्वतः तिथे होता का?"

"नव्हतो."

"म्हणजे ते घडताना पाहणारं कोणीच नाही," वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले आणि बसले. काकांचा धीर खचला. डाग खरा होता, पण डाग बोलत नाही. हे प्रकरण आता कुठल्याही बाजूला जाऊ शकत होतं.

"ठीक आहे. आपण जाऊ शकता," न्यायाधीश म्हणाले. काका पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

निकाल पुढच्या बुधवारी लागला. भरपाई पूर्ण मंजूर झाली, कपात शून्य. काकांना ही बातमी ऑफिसात फोनवर कळली आणि ती वहिनींनी दिल्यामुळे ऑफिसातल्या सगळ्यांनाच कळली. दुपारी सुट्टी टाकून काका सलूनमध्ये गेले. तिथे पेढ्यांचा डबा फिरत होता, अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक तोंडाला फेस घेऊनच नाचत होतं आणि सलूनवाला मधल्या खुर्चीत राजासारखा बसला होता.

"काका, जन्मभर तुमची कटिंग फुकट," त्याने जाहीर केलं.

काकांनी टोपी काढून टक्कल दाखवलं. आरशातसुद्धा सगळे हसताना दिसले, चहूबाजूंनी. काकांना वाटलं, नोकरी सार्थकी लागली.

हसणं ओसरल्यावर सलूनवाला हळूच म्हणाला, "काका, मला त्या दिवसाचं एकच आठवतं. कोणीतरी गळ्याला हात लावला. मला वाटलं हीच आली. इतकं बरं वाटलं... मी हिला तसं सांगितलं, तर ही म्हणते मी दुकानात होते."

"दुकानातच होते," वहिनी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या इतकं थोडं बोलल्या.

काका तिथून कोर्टात गेले. निकालाची प्रत फाईलला लावायची असते, रोजचंच काम. स्कूटर चालवताना ते शीळ घालत होते. नकलेच्या खिडकीशी उभ्या उभ्याच त्यांनी निकाल चाळला, आणि शीळ थांबली. रक्ताच्या डागावर न्यायाधीशांनी फक्त दीड ओळ लिहिली होती. खाली म्हटलं होतं: 'पट्टा स्वतः सोडल्याचे सांगणाऱ्या महिलेची साक्ष सरळ आणि विश्वासार्ह वाटते. कंपनीच्या वकिलांनी तिला पुढे काही विचारले नाही.'

मावशी आतल्या खोलीत कागद लावत होत्या. काकांनी निकाल त्यांच्यापुढे धरला.

"मावशी, ही कोण महिला?"

"तुमच्या शेजारून बोलत होती ती," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "गोड आवाज. मला वाटलं सलूनवाल्याची बायको. का, ती नव्हती?"

"ती तर तोंड दाबून बसली होती..."

मावशींचे हात थांबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका साक्षीदाराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग फाईल काढून दिली. न्यायाधीश निकाल लिहितात तो टाइप झालेल्या कागदावरून. रोजच्या चाळीस प्रकरणांत कोण कुठे उभं होतं, हे कुणाच्या लक्षात राहणार? काकांनी आपला जबाब काढला. सर्दी होती, भिंग होतं, सगळं जसंच्या तसं. वकिलांच्या प्रश्नांखाली मात्र प्रत्येकी दोन उत्तरं होती.

मग पट्टा कोणी सोडला?
साक्षीदार: ते मला सांगता येणार नाही.
महिला: मी सोडला. त्याचा श्वास अडकला होता.

तुम्ही स्वतः तिथे होता का?
साक्षीदार: नव्हतो.
महिला: मी होते. मी तिथेच असते.

न्यायाधीश: ठीक आहे. आपण जाऊ शकता.
महिला: जाते. पुढचा निघालाय. हसत निघालाय.

काकांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या जबाबाखाली मंगळवारची तारीख होती. तिच्या शेवटच्या ओळीखाली वेगळी तारीख आणि वेळ होती. आजची तारीख. संध्याकाळचे पाच चाळीस.

"ही तुम्ही टाकली?"

"मी कशाला आजची तारीख टाकू?" मावशी म्हणाल्या. "मागच्या मंगळवारचा कागद आहे तो."

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाचला पाच मिनिटं बाकी होती. काका जिना उतरून फाटकाशी आले. ऑफिसं सुटली होती. शहराबाहेरच्या त्या वळणाकडे जाणारा रस्ता मोटारसायकलींनी भरून गेला होता, कुणाचं हेल्मेट आरशाला, कुणाचं कोपराला, कुणाचं डोक्यावर पण पट्टा वाऱ्यावर. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात पसरून एकेकाला थांबवू लागले.

"पट्टा लावा. अहो, तुम्ही... पट्टा लावा. हसू नका, मी खरं सांगतोय, कृपा करून लावा."

एक टक्कल पडलेला म्हातारा भर गर्दीत अनोळखी माणसांच्या हनुवट्यांना हात घालतोय, हे पाहून कोणाला मौज वाटणार नाही? काहींनी पट्टा लावला, काहींनी नुसता लावल्यासारखा केला. काका प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते, आणि जो तो हसतच पुढे जात होता.